कौल, कृती आणि कॅनन : अभिजात संगीताच्या पसंतियाद्यांचा इतिहास

१

ब्रिटनमधील ‘क्लासिक एफएम’ या खासगी नभोवाणी केंद्राने १९९६ साली आपल्या श्रोत्यांकडून पाश्चात्त्य अभिजात संगीतातील आवडत्या कृतींची नावे मागविली आणि आलेल्या मतांच्या आधारे ३०० कृतींची क्रमवार यादी ‘हॉल ऑफ फेम’ या नावाने प्रसारित केली. यादीत पहिल्या क्रमांकावर मॅक्स ब्रुख या जर्मन रचनाकाराचा पहिला व्हायोलिन कन्चेर्तो होता. (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उभी राहणारी रचना म्हणजे कन्चेर्तो.) २००० पर्यंत, सलग पाच वर्षे, हा क्रमांक ढळला नाही. संगीतेतिहासाच्या प्रमाण ग्रंथांत ब्रुखच्या वाट्याला येणारी जागा फार थोडी असते. ब्राम्स आणि वाग्नर यांच्या काळातील एक कुशल, परंपरानिष्ठ, परंतु दुय्यम रचनाकार एवढीच त्याची तेथील ओळख. इतिहासकाराने मागील बाकावर बसविलेल्या या रचनाकाराला श्रोत्यांनी अग्रपूजेचा मान दिला, ही घटना अभिरुचीच्या इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अशा याद्यांविषयी अभ्यासकवर्गात सामान्यतः दोन प्रतिक्रिया आढळतात. पहिली प्रतिक्रिया उपेक्षेची : कलामूल्य हा शिरगणतीचा विषय नव्हे, तेव्हा या उपद्व्यापाची दखल घेण्याचे कारण नाही. दुसरी प्रतिक्रिया स्वागताची : अभिजात कृतींचा मान्यताप्राप्त संचय, म्हणजेच ‘कॅनन’, आजवर विद्यापीठे, समीक्षक आणि संगीतसंस्था यांनी ठरविला, आता तो ठरविण्याचा अधिकार सामान्य श्रोत्याकडे आला. या दोन्ही प्रतिक्रिया परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. श्रोत्यांचा कौल हा कॅननच्या विरोधात उभा आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे गृहीतकच तपासून पाहणे आवश्यक आहे. कॅननमधील क्रम पसंतियादी बदलू शकते. पण कॅनन ज्या पायावर उभा असतो तो पाया ती बदलत नाही. किंबहुना त्या पायावाचून तिला उभेच राहता येत नाही.

२

श्रोत्याला त्याची आवड विचारावी की नाही, हा प्रश्न नभोवाणीइतकाच जुना आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९२७ मध्ये महामंडळात रूपांतरित झालेल्या बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांची या बाबतीतील भूमिका निःसंदिग्ध होती. लोकांना काय हवे आहे हे लोकांनाच नीट ठाऊक नसते. म्हणून ते जे मागतात त्याहून थोडे सरस असे काही त्यांना देणे हे प्रक्षेपकाचे कर्तव्य होय, असे प्रतिपादन त्यांनी १९२४ च्या आपल्या पुस्तकात केले. या भूमिकेत श्रोता हा विद्यार्थी आहे, मतदार नाही. तरीही १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांच्या नेतृत्वाखाली बीबीसीला श्रोतृसंशोधनाची शाखा उघडावी लागली. संख्येचा विचार जवळजवळ बाजूला ठेवणारा ‘थर्ड प्रोग्रॅम’ १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा, श्रोत्यांची मोजदाद करणारी यंत्रणा त्याच संस्थेत दहा वर्षे रुळलेली होती.

अमेरिकेत हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुढे आला. १९३७ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्स्टन नभोवाणी संशोधन प्रकल्पाचे संचालक पॉल लाझार्सफेल्ड हे संख्याशास्त्रीय पद्धतीचे पुरस्कर्ते होते. कार्यक्रम ऐकता ऐकता आवडल्यास एक व न आवडल्यास दुसरे बटण दाबण्याची सोय असलेले यंत्र त्यांनी फ्रँक स्टँटन यांच्यासह तयार केले. याच प्रकल्पाच्या संगीतविभागात १९३८ मध्ये थिओडोर अडोर्नो दाखल झाले आणि या यंत्रामागील विचाराशीच त्यांचा झगडा सुरू झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संगीतातील वस्तुपूजा आणि श्रवणाची पीछेहाट या विषयावरील निबंधात त्यांनी असा मुद्दा मांडला की, ज्या समाजात तीच ती रचना सतत कानांवर आदळत असते त्या समाजात ‘आवडणे’ आणि ‘ओळखता येणे’ यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो. परिचय हाच गुणवत्तेची जागा घेतो. अशा स्थितीत श्रोत्याला आवड विचारणे म्हणजे यंत्रणेने त्याला काय ऐकविले हेच त्याच्या तोंडून वदवून घेणे होय.

अडोर्नोंच्या या आक्षेपात तथ्य किती आणि अभिजनांचा तिटकारा किती, याविषयी पुष्कळ वाद झाला आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, १९९६ नंतरच्या पसंतियाद्यांनी या आक्षेपाला जवळजवळ प्रयोगशाळेतील परीक्षेचे स्वरूप दिले.

३

‘क्लासिक एफएम’चे प्रक्षेपण ७ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झाले. जाहिरातींवर चालणाऱ्या या केंद्राने संपूर्ण सिंफनीऐवजी तिचा एखादा भाग, संपूर्ण ऑपेराऐवजी त्यातील एखादे गीत ऐकविण्याची पद्धत स्वीकारली. या पद्धतीचे सामर्थ्य लवकरच प्रत्ययास आले. हेन्रिक गुरेत्स्की या पोलिश रचनाकाराची १९७६ मध्ये लिहिलेली तिसरी सिंफनी तोवर नवसंगीताच्या जाणकारांपुरती मर्यादित होती. तिची डॉन अपशॉ यांनी गायिलेली आणि डेव्हिड झिनमन यांनी संचालित केलेली ध्वनिमुद्रिका १९९२ मध्ये आली, तिचा दुसरा भाग या केंद्रावरून वारंवार वाजविला गेला आणि ध्वनिमुद्रिकेचा खप पुढे दहा लाखांच्या वर गेला. दुःखाची छाया असलेली एक संथ, दीर्घ, धार्मिक वळणाची रचना लोकप्रिय होऊ शकते, हे यामुळे सिद्ध झाले. आणि लोकप्रिय होताना तिचा एकच भाग पुढे येतो, हेही.

१९९६ ते २०१८ या काळात ‘हॉल ऑफ फेम’च्या २३ याद्या झाल्या. या सर्व याद्यांत मिळून पहिला क्रमांक लाभलेल्या कृती अवघ्या पाच आहेत. ब्रुखनंतर २००१ ते २००५ या काळात रख्मानिनॉफचा दुसरा पियानो कन्चेर्तो. २००६ मध्ये मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्तो. २००७ ते २०१० व्हॉन विल्यम्स यांची ‘द लार्क असेंडिंग’. २०११ ते २०१३ पुन्हा रख्मानिनॉफ. २०१४ ते २०१७ पुन्हा व्हॉन विल्यम्स. आणि २०१८ मध्ये चायकोव्स्कीचे ‘१८१२’ हे ओव्हर्चर. या पाचांपैकी चार कृतींत एकच वाद्य वाद्यवृंदासमोर उभे राहून जणू गात असते. सिंफनी हा प्रकार, जो एकोणिसाव्या शतकापासून पाश्चात्त्य कॅननचा कळस मानला गेला, तो या शिखरस्थानी एकदाही आलेला नाही. बेथोव्हेन आणि बाख हे ज्यांच्याविना कॅननची कल्पनाच करता येत नाही असे रचनाकारही नाहीत. सामूहिक, वास्तुसदृश रचनेपेक्षा एकाकी स्वर श्रोत्याला अधिक जवळचा वाटतो, असा निष्कर्ष यातून काढता येईल. विद्वानांचा कॅनन आणि श्रोत्यांचा क्रम यांत अंतर आहे, हे स्वागतवाद्यांचे म्हणणे या मर्यादेत खरे आहे.

परंतु त्या पाच कृतींच्या प्रसिद्धीचा इतिहास पाहिला असता अडोर्नोंचीही आठवण होते. रख्मानिनॉफचा कन्चेर्तो १९०१ मध्ये प्रथम संपूर्णपणे सादर झाला. ब्रिटिश श्रोत्याच्या मनात मात्र तो डेव्हिड लीन यांच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) या चित्रपटातील रेल्वे स्थानकाशी आणि निरोपाशी जोडला गेलेला आहे. मोझार्टच्या १७९१ मधील क्लॅरिनेट कन्चेर्तोचा संथ भाग ‘आउट ऑफ आफ्रिका’ (१९८५) या चित्रपटाने घरोघरी पोहोचविला. मोझार्टच्याच एकविसाव्या पियानो कन्चेर्तोला तर १९६७ च्या ‘एल्विरा मॅडिगन’ या स्वीडिश चित्रपटाचे नावच चिकटले. १७८५ मधील कृती १९६७ मधील नावाने ओळखली जावी, हे श्रवणेतिहासाचे मोठे बोलके उदाहरण होय.

येथे अडोर्नोंच्या पुढे एक पाऊल जावे लागते. परिचय हा केवळ पुनरावृत्तीतून येत नाही. तो अर्थही सोबत घेऊन येतो. ‘द लार्क असेंडिंग’ ही कृती जॉर्ज मेरेडिथ यांच्या कवितेवरून १९१४ मध्ये लिहिली गेली. मध्ये महायुद्ध आले, रचनाकार स्वतः युद्धात सेवेसाठी गेला, आणि कृतीचे व्हायोलिन-पियानोरूप १९२० मध्ये व वाद्यवृंदरूप १९२१ मध्ये प्रथम ऐकले गेले. चंडोलाच्या उड्डाणाचे हे चित्र युद्धपूर्व, हरवलेल्या इंग्लिश ग्रामजीवनाचा शोकालाप म्हणून ऐकले जाऊ लागले, याला कारण तिच्या लेखनाइतकेच तिच्या प्रकटनाचे वर्ष आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या १९४२ पासून चालत आलेल्या कार्यक्रमाने आपल्या श्रोत्यांचा कौल घेतला, तेव्हाही हीच कृती पहिली आली. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या आपल्या कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. पसंतियादी ही गुणवत्तेची नोंद नसेल. पण एका समाजाच्या श्रवणक्षितिजाची ती नोंद निश्चितच आहे.

४

मग या याद्यांनी कॅननला आव्हान दिले असे का म्हणता येत नाही? याचे उत्तर मतदानाच्या स्वरूपात दडलेले आहे. मत देण्यासाठी मोजता येईल असे एकक लागते. त्याला नाव हवे, कर्ता हवा, आरंभ-अंत हवा, आणि दोन श्रोते एकाच गोष्टीला मत देत आहेत याची हमी हवी. ही हमी ‘कृती’ या संकल्पनेने पुरविली. लिडिया गेर यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, संगीत म्हणजे स्वयंपूर्ण कृतींचा संग्रह ही कल्पना पाश्चात्त्य परंपरेतही सनातन नाही. ती १८०० च्या सुमारास प्रभावी झाली. तत्पूर्वीचे संगीत बहुतांशी प्रसंगासाठी, उपासनेसाठी, आश्रयदात्यासाठी रचले जाई. बाखचे संगीत पुढे ‘कृती’ म्हणून संग्रहालयात मांडले गेले. रचले गेले तेव्हा त्यातील पुष्कळसे त्या त्या रविवारचे काम होते.

म्हणजे श्रोता जेव्हा तीन कृतींची नावे लिहितो तेव्हा त्याने दोनशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका निवाड्यावर आधीच सही केलेली असते. त्याने प्रत्यक्षात ऐकलेला असतो एखादा भाग. अनेकदा एखादी सुरावट. आणि तीही विशिष्ट वादकाच्या विशिष्ट मुद्रणातून. मतपत्रिकेवर मात्र नोंद होते ती संपूर्ण कृतीची. श्रवण खंडशः होते, मतदान अखंडाला होते.

ही विसंगती ऑस्ट्रेलियात उघडपणे पुढे आली. तेथील सार्वजनिक नभोवाणीच्या ‘एबीसी क्लासिक एफएम’ केंद्राने २००१ मध्ये ‘क्लासिक १००’ हा उपक्रम सुरू केला. पहिल्या यादीत मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्तो अग्रस्थानी आला. पुढे पियानो, ऑपेरा, सिंफनी असे विषय ठरवून याद्या करण्यात आल्या. २००६ च्या ऑपेराविषयक यादीत श्रोत्यांना संपूर्ण ऑपेरा निवडावयाचा नव्हता; त्यातील आवडता ‘क्षण’ निवडावयाचा होता. पहिला क्रमांक मिळाला तो बिझेच्या ‘द पर्ल फिशर्स’ (१८६३) मधील दोन पुरुषस्वरांच्या युगुलगीताला. एकक बदलताच निकाल बदलतो, हे यातून दिसते. बिझेचा हा ऑपेरा संपूर्ण कृती म्हणून स्पर्धेत असता तर त्याच रचनाकाराच्या ‘कार्मेन’पुढे त्याचा निभाव लागणे कठीण होते.

५

चौकटीचे अस्तित्व सर्वांत स्पष्ट झाले ते २०१३ मध्ये. त्या वर्षीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये नोबुओ उएमात्सु यांचे ‘फायनल फॅन्टसी’ या व्हिडिओ गेममालिकेसाठी रचलेले संगीत तिसऱ्या आणि जेरेमी सोल यांचे ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेममालिकेचे संगीत पाचव्या क्रमांकावर आले. यामागे चाहत्यांची संघटित मोहीम होती. आक्षेप दोन प्रकारचे होते. मोहीम चालवून मिळविलेली मते खरी कशी, हा एक. आणि हे संगीत ‘अभिजात’ कसे, हा दुसरा. पहिला आक्षेप फारसा टिकणारा नाही, कारण चित्रपटाने, जाहिरातीने आणि स्वतः केंद्राने वर्षभर केलेल्या वादनाने मिळविलेली मते तरी मोहिमेविना कोठे मिळालेली असतात? दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. कोणती कृती श्रेष्ठ हे श्रोत्याने ठरवावे, पण कशाला ‘कृती’ आणि ‘अभिजात’ म्हणावयाचे हे त्याने ठरवू नये, अशी या लोकशाहीची अलिखित घटना होती. चौकटीबाहेरची मते आली तेव्हाच ती घटना प्रथम वाचली गेली.

या ठिकाणी सौंदर्यशास्त्रातील एका जुन्या भेदाकडे वळणे इष्ट ठरेल. डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ च्या अभिरुचीच्या प्रमाणाविषयीच्या निबंधात मर्मज्ञांच्या काळाच्या कसोटीला उतरलेल्या सहमतीवर भिस्त ठेवली. म्हणजे मते मोजली, पण मतदारांची यादी लहान ठेवली. इमान्युएल कान्ट यांनी १७९० च्या तिसऱ्या मीमांसेत मोजणीच नाकारली. त्यांच्या मते, ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा सर्वांच्या संमतीवर दावा करतो, परंतु हा दावा इतरांची मते गोळा करून सिद्ध होत नाही. शंभर जणांनी एखाद्या कवितेची स्तुती केली तरी ती न आवडलेल्याला आपला निर्णय त्यांच्या हवाली करता येत नाही. या विवेचनाचा परिचय मराठी वाचकाला रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) आहेच. या भेदाच्या प्रकाशात पाहता पसंतियादी काय मोजते हे स्पष्ट होते. ‘मला हे आवडते’ या विधानांची ती बेरीज आहे. ‘हे सुंदर आहे’ या विधानाची बेरीज होऊ शकत नाही. त्याचे समर्थन, खंडन किंवा पुनर्विचार होऊ शकतो, आणि त्यालाच समीक्षा म्हणतात.

६

भारतीय संदर्भात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने उजळतो. हिंदुस्थानी रागसंगीताची अशी यादी करावयाची ठरविल्यास मत कशाला द्यावयाचे, हा पहिलाच प्रश्न सुटत नाही. मारवा हा राग आहे. त्यातील अमुक बंदीश ही एक छोटी शब्दस्वररचना आहे. ती अमुक गायकाने अमुक मैफलीत मांडली तेव्हा जे घडले ते आणखी वेगळे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, तरी बंदीश ही बेथोव्हेनच्या सोनाटाच्या अर्थाने ‘कृती’ झाली नाही. ती विस्ताराचे बीज राहिली. ध्वनिमुद्रिकेने मात्र एकक निर्माण केले. ‘उस्ताद अमीरखाँचा मारवा’ असे रसिक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एक विशिष्ट मुद्रण असते. पण तेथेही कर्तेपण रचनाकाराकडे नसून गायकाकडे जाते.

श्रोत्याचा कौल येथे नव्हता असे मात्र नाही. मराठी संगीत रंगभूमीवरील ‘वन्समोअर’ हा कौलच होता. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळे तेव्हा प्रेक्षक पदाला आणि त्याच्या त्या रात्रीच्या गायनाला एकाच वेळी मत देत असे. आणि त्या मताचा परिणाम म्हणजे तेच पद पुन्हा, पण निराळ्या अंगाने. छापील यादीत क्रम लावला की काम संपते. वन्समोअरने ते सुरू होत असे. मैफलीतील फर्माईश हीदेखील याच जातीची. कौल देणारा आणि घेणारा समोरासमोर असल्यामुळे गायक त्या कौलाला उत्तर देऊ शकत असे, प्रसंगी तो नाकारूही शकत असे.

नभोवाणीने ही समोरासमोरची बैठक मोडली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला अग्रस्थान आणि चित्रपटगीतांना मर्यादा हे त्यांचे धोरण रीथ यांच्या भूमिकेचेच भारतीय रूप होते. १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ ऐकू येऊ लागली. आरंभी विस्कळीत क्रमाने वाजविलेल्या गाण्यांचा क्रम श्रोत्यांनी लावावयाचा असे. १९५४ पासून ध्वनिमुद्रिकांचा खप आणि श्रोतृसंघांची मते यांच्या आधारे गीतमालेत गाण्यांना क्रमांक मिळू लागले. चित्रपटगीत हे मतदानाला सर्वथा योग्य असे एकक होते : तीन-साडेतीन मिनिटांचे, एकाच मुद्रणात बंदिस्त, सर्वत्र तेच. अर्थात रागसंगीत ‘राष्ट्रीय’ ठरले ते श्रोत्यांना न विचारता, आणि चित्रपटगीत ‘लोकप्रिय’ ठरले ते त्यांना विचारून. एकाच देशात, एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन व्यवस्थांनी ‘अभिजात’ आणि ‘लोकप्रिय’ यांची फाळणी पक्की केली. ब्रिटनमध्ये १९९६ साली अभिजात संगीतालाच गीतमालेचे रूप देण्यात आले. येथे तसे घडले नाही, याचे कारण श्रोत्यांची उदासीनता असेल त्याहून अधिक एककाचा अभाव हे आहे.

७

पसंतियाद्यांची उपेक्षा करणारा अभ्यासक एक मौल्यवान साधन गमावतो. कोणत्या काळात, कोणत्या माध्यमाच्या द्वारे, कोणता अर्थ लेवून एखादी रचना समाजाच्या स्मृतीत शिरली, हे या याद्यांइतके स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच नोंदलेले असते. त्यांचे उत्साहाने स्वागत करणारा मात्र त्या साधनालाच निष्कर्ष समजतो. ब्रुखने आपला हा कन्चेर्तो प्रकाशकाला एकरकमी विकून टाकला होता, आणि वादक आपले अन्य व्हायोलिन कन्चेर्तो सोडून याच एका रचनेच्या मागे लागतात याबद्दल त्याने पुढे त्रागाही केला. म्हणजे १९९६ चा क्रम एकोणिसाव्या शतकातील वादकांनी आणि प्रकाशकांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच आला होता; श्रोत्यांनी तो नव्याने शोधला नव्हता.

कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावताना प्रश्न आधी ठरलेला असतो. उजवा की डावा, एवढेच देवाच्या हाती राहते. नभोवाणीच्या कौलातही श्रोत्याचे स्थान असेच आहे. तो उत्तर देतो ते प्रामाणिकपणे देतो, यात शंका नाही. पण प्रश्न कोणी ठरविला, तो ‘कृती’विषयी विचारला की ‘क्षणा’विषयी, आणि कोणते संगीत विचारण्याच्या कक्षेतच आले नाही, याचा शोध घेणे हे इतिहासकाराचे काम आहे. प्रत्येक यादी वाचताना तिच्यातील पहिल्या नावाबरोबर तिच्या मतपत्रिकेचाही मजकूर वाचला गेला पाहिजे.